चेंडू चालतो, चहा चालत नाही

पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात १८९० च्या आसपास एक पोरगा महिना तीन रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, सामान उचलायचं, आणि मेंबरांना लहर आली तर त्यांना सरावासाठी चार चेंडू टाकायचे. नाव बाळू. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील फौजेच्या नोकरीत. जात चांभार. ही जात मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतोय, कारण त्यांच्या काळातल्या लोकांनी तिला कधी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबू दिलं नाही.

हिंदुस्थानात जन्मलेला पहिला मोठा बॉलर कोण, असं मला कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन. पण विचारतं कोण?

मी पन्हाळ्यावर राहतो, मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. क्रिकेटवेडी पोरं आहेत. गडाच्या पठारावर वारा असा की हवेत गेलेला चेंडू कुठे उतरेल ते मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि तटाकडे गेला तर तो गेलाच; तरी खेळ बंद होत नाही. एकदा वर्गात मी सहज नावं विचारत गेलो. रणजी? ठाऊक, त्यांच्या नावाची ट्रॉफी आहे. देवधर? तेही ठाऊक, त्यांच्याही नावाची ट्रॉफी होती. भाऊसाहेब निंबाळकर तर आपल्या कोल्हापूरचेच. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर राहिला आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला, ही कथा इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. मग विचारलं, बाळू पालवणकर? वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, 'लगान'मधला का?"

पोरगा फार चुकला नव्हता. २००१ च्या त्या चित्रपटात कचरा नावाचं पात्र आहे, अस्पृश्य वस्तीतलं. ते पाहिलं की माहितगाराला बाळूंची आठवण होतेच. पण मला त्या कचऱ्याचा रागच येतो. तिथे त्याचा हात अधू दाखवलाय आणि त्या अधूपणामुळेच चेंडू आपोआप वळतो. म्हणजे कसब त्याचं नाहीच, नशिबाने मिळालेली एक चूक आहे. आणि ती ओळखणारा नायक दुसराच. खऱ्या बाळूंचा हात धडधाकट होता, आणि तो चेंडू वळवायला शिकला तो वर्षानुवर्षं, रोज तासन् तास, दुसऱ्यांच्या सरावासाठी राबून.

ते कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. पुण्याच्या लष्करी भागात गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पारशी क्लबातून बाळू गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार एक रुपयाने वाढून चार झाला. काम तेच: पिच तयार करायचं, जाळी लावायची, वेळ पडली तर टेनिस कोर्टाच्या रेघा मारायच्या. तिथे एका साहेबाने त्यांच्या हातात चेंडू दिला आणि बघता बघता क्लबातल्या सगळ्यांनाच हा डावखुरा पोऱ्या सरावाला हवा झाला. त्यात कॅप्टन जे. जी. ग्रेग हा मुख्य. ग्रेग त्या वेळचा हिंदुस्थानातला अव्वल गोरा बॅट्समन. 'जॉन ग्लेनी' या त्याच्या नावाचं लोकांनी 'जंगली' करून टाकलं होतं. (हा पुढे उतारवयात कॅथलिक पाद्री झाला. माणसांचं काही सांगता येत नाही.) असं सांगतात की ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा, बाळूंना बॉलिंग करायला लावायचा आणि आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्याला आठ आणे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आठ वेळा जंगलीसाहेबाची दांडी उडवली की महिन्याचा पगार सुटला.

या गोष्टीतला एक तपशील इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलाय तो मला फार बोचतो. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास बॉलिंग केली, पण बॅट त्यांच्या हातात कुणी कधी दिली नाही. बॅटिंग साहेबाची. घाम गाळायचं काम बॉलरचं. आपल्या देशाला ही वाटणी समजायला इंग्रजाची गरज नव्हती, आपल्याकडे ती आधीपासूनच होती. कदाचित म्हणूनच हा खेळ आपल्याला इतक्या लवकर आपला वाटला.

आता चहाकडे येतो.

पुण्यातल्या हिंदूंचा एक संघ होता आणि त्यांना गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवायचं होतं. गावातला सगळ्यात चांगला बॉलर कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला घ्यायचं की नाही यावरून संघात दोन तट पडले. काही तेलुगू खेळाडू म्हणत होते घ्या, मराठी ब्राह्मण खेळाडू म्हणत होते नको. तेव्हा ग्रेगनेच जाहीरपणे म्हटलं की असा बॉलर असून त्याला बाहेर ठेवाल तर तुमच्यासारखे वेडे तुम्हीच. गोऱ्या शत्रूचं प्रशस्तिपत्र आल्यावर प्रश्न सुटला. बाळू संघात आले.

मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत होते. बाळूंनी टाकायचा, यष्टिरक्षकाने पकडायचा, स्लिपमधून फिरत फिरत तो पुन्हा बाळूंकडे यायचा. ब्राह्मणाचा हात लागलेला चेंडू चांभाराच्या हातात आणि उलट, दिवसातून शेकडो वेळा. कुणाचा धर्म बुडाला नाही. मग चहाची वेळ व्हायची. बाकीचे दहाजण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपबशीतून चहा प्यायचे. बाळूंना चहा बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. हात-तोंड धुवायचं तर पाणीही एखाद्या खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या नोकराने कोपऱ्यात आणून द्यायचं. चहा संपला, मातीचं भांडं फुटलं, की पुन्हा तोच चेंडू, तेच हात.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मग ते चेंडू धुवायचे का?" बिनतोड प्रश्न. नाही, धुवत नव्हते. धुतला असता तर चेंडूची लकाकी गेली असती आणि सामना हरला असता. जिथे गरज असते तिथे विटाळ आपोआप रजेवर जातो.

या संघाने गोऱ्यांना हरवलं. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेतले. परतल्यावर पुण्यात समारंभ झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. जो तुमच्याबरोबर खेळतो त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, अशा अर्थाचं रानडे बोलले. टिळकांनीही एका सभेत त्यांचा गौरव केला. रानडे आणि टिळक यांचं फार थोड्या गोष्टींवर एकमत व्हायचं. त्या थोड्यांत हा एक बॉलर होता.

चहाच्या कपावरून कोल्हापूरकराला दुसरा एक चहा आठवल्याशिवाय राहणार नाही. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन भर शहरात चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि लोक येणार नाहीत हे ठाऊक असल्याने स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवायला सुरुवात केली. बरोबरच्या मानकऱ्यांना नाही म्हणायची सोय उरली नाही. १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासांना राखून ठेवणारा राजा कागदावर थांबला नाही, कपापर्यंत आला. आम्हा मुसलमानांना शाहू महाराज ठाऊक असतात ते बहुतेक मुस्लिम बोर्डिंगमुळे. ते योग्यच आहे, पण माझ्या मते त्यांचा सगळ्यात धाडसी हुकूम चहाचा होता आणि तो कुठल्या गॅझेटात छापलेला नव्हता.

बाळू तिकडे पुण्यातच राहिले असते तर काय झालं असतं कोण जाणे. पण १८९६ ला प्लेग आला आणि त्या सुमाराला ते मुंबईला गेले. पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी लागली. हिंदू जिमखान्यात प्रवेशाच्या वेळी काही गुजराती मेंबरांनी नाकं मुरडली. कर्णधार कीर्तिकरांनी समजूत घातली आणि बाळू आत आले. शिवरामही आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या हिंदूंचा गोऱ्यांशी सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, गोरे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले, बाळूंचे बळी आठ. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं याची चर्चा देशभर झाली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने तर म्हटलं की विजयापेक्षा मोठी गोष्ट ही की हिंदूंनी चांभार खेळाडूंना बरोबर घेतलं, आणि मुंबईत ते एका पंगतीला बसले. पुण्याचा मातीचा पेला मुंबईत सुटला होता. निदान तेवढं झालं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट मांडायची आहे, कारण या ब्लॉगच्या वाचकांना ती जास्त जवळची आहे. मुंबईतलं हे सगळं क्रिकेट धर्मावर उभं होतं. आधी पारशी. १८४८ ला त्यांनी ओरिएंटल क्लब काढला, १८८६ आणि १८८८ ला इंग्लंडला जाऊन आले. मग हिंदू, मग आपण. आजही मरीन ड्राइव्हवर गेलात तर पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना समुद्राकडे तोंड करून एका ओळीत उभे दिसतील. १९०७ ला गोरे, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९०९ च्या सुधारणांत मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९१२ ला मुसलमान संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ ला 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती वगैरे. आपले विजय हजारे ख्रिस्ती म्हणून त्या 'इतरां'त खेळले. मैदान आणि मतपेटी दोन्हीकडे सरकारने आणि आपण मिळून एकच आखणी केली: आधी तुझा धर्म सांग, मग रांगेत उभा राहा.

या आखणीत बाळू 'हिंदू' झाले. ज्यांना देवळात जाता येत नव्हतं, पुण्यात कपातून चहा मिळत नव्हता, ते मैदानावर हिंदूंचे तारणहार. समोर मुसलमान संघ असला की मोजणीत आणखीच पक्के हिंदू. मला यात कुणाला टोमणा मारायचा नाही. शेवटी तेच सत्य आमच्याही बाबतीत आहे. १९१२ ला जो 'मुसलमान' संघ मैदानात उतरला त्याच्या नावाखाली अलीगढचा पदवीधरही आला आणि भेंडी बाजारातला कारागीरही, पण निवड समितीच्या खुर्च्यांवर कोण बसलं असेल ते वेगळं सांगायला नको. दोन्हीकडे वरच्यांना खालच्यांची संख्या हवी होती, बळी हवे होते. पंगत हा वेगळा विषय होता.

स्पर्धेने चांगलं काहीच दिलं नाही असं म्हणणार नाही. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंना एका विकेटने हरवलं आणि के. सी. इब्राहिम नाबाद १३७ वर परतले, ते वर्णन माझे अब्बा त्यांच्या अब्बांकडून ऐकल्यासारखं सांगायचे. खेळ म्हणून तो सुंदरच असणार. पण १९४० मध्ये गांधीजींनी हे धर्मावरचे सामने बंद करा असं सांगितलं तेव्हा ते बरोबर होते, असंच मला वाटतं. शेवटी १९४६ ला स्पर्धा बंद पडली.

पुन्हा बाळूंकडे. १९११ साली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग कर्णधार. संघ निवडतानाही धर्मवार वाटणी: पारशी जास्त, हिंदू थोडे, मुसलमान त्याहून थोडे. आपल्याकडचे सलामुद्दीन खान अलीगढच्या कॉलेजात घडलेले. महाराज थोडेच सामने खेळले. बाकीच्या वेळी ते राज्याभिषेकाच्या सोहळ्यांत आणि मेजवान्यांत. संघ सपाटून हरला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत दोन विजय, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. त्या पडझडीत पस्तीस वर्षांचे बाळू दुखऱ्या खांद्याने बॉलिंग करत राहिले. दौऱ्यात एकूण ११४ बळी, त्यातले ७५ प्रथम दर्जाचे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. इंग्रजी पत्रकारांनी त्यांना ऱ्होड्सच्या पंक्तीत बसवलं. विल्फ्रेड ऱ्होड्स म्हणजे त्या काळचा डावखुऱ्या फिरकीचा बादशहा. ज्यांच्या देशातल्या क्लबात या माणसाला कधी बॅट मिळाली नव्हती, त्या देशाने एवढं म्हणायला हरकत नव्हती.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र तयार करण्याचं काम एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने केलं, असं गुहा लिहितात. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. वय वीस. समाजाला अभिमानाने दाखवता येईल असं जिवंत उदाहरण त्या दिवसांत एकच होतं, आणि ते चेंडू टाकत होतं.

हे सगळं झाल्यावरही एक दार बंदच राहिलं. कर्णधारपद.

१९१० नंतर दर वर्षी चर्चा व्हायची की ज्येष्ठता आणि कर्तबगारी दोन्ही पाहता हिंदू संघाचे कर्णधार बाळूच व्हायला हवेत. दर वर्षी दुसराच कुणी व्हायचा, आणि तो ब्राह्मण असायचा. १९१३ ला एम. डी. पै कर्णधार झाले. पै हा मोठ्या मनाचा माणूस. सत्काराच्या वेळी त्यांनी उघड सांगितलं की हा मान खरं तर माझा मित्र बाळू याचा होता. सांगितलं, टाळ्या पडल्या, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. क्रिकेटमध्ये कर्णधार म्हणजे नुसता टॉस उडवणारा नसतो. तो दुसऱ्याला सांगतो, तू तिकडे उभा राहा, तू आता थांब. बाळूंचा चेंडू त्यांना चालत होता, हळूहळू चहाही चालू लागला. त्यांचा शब्द ऐकायचा, हे मात्र जड जात होतं.

१९२० ला स्फोट झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या कागलकडच्या माणगावात परिषद झाली होती. शाहू महाराजांनी भर सभेत सांगितलं होतं की तुम्हाला आंबेडकरांच्या रूपाने तुमचा पुढारी मिळाला. इकडे मुंबईत चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी पडले. मग कर्णधार कोण? बाळूंचा सगळ्यात धाकटा भाऊ विठ्ठल तोवर हिंदूंचा सर्वांत भरवशाचा बॅट्समन झाला होता. (होय, बॅट्समन. एका पिढीत बॅट घरात आली.) निवड झाली पुण्याचे प्रोफेसर देवधर यांची. देवधर थोर खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण ते विठ्ठलना कनिष्ठ. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघ सोडला आणि का सोडला ते निवेदन काढून जाहीर केलं. जातीमुळे आमचा अपमान होतोय, असं लेखी, सही करून, वर्तमानपत्रात. मला बाळूंच्या सगळ्या बळींपेक्षा या दोन भावांची ती सही मोठी वाटते.

लोकमत फिरलं. अंतिम सामन्याला तिघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं. आणि पै यांनी काय केलं, तर सामन्यात काही वेळ मैदान सोडून ते बाहेर जाऊन बसले. कर्णधार बाहेर गेला की सूत्रं उपकर्णधाराकडे. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व केलं ते असं, मित्राने खुर्ची रिकामी केल्यावर, काही तासांसाठी. १९२३ ला विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र विठ्ठलनी मराठीत लिहिलं, १९४८ साली.

आता आपल्या अंगणात. कारण दुसऱ्याच्या पॅव्हेलियनमधली मातीची भांडी मोजणं सोपं असतं.

वेगळ्या कपाचा अनुभव आम्हा मुसलमानांना नवा नाही. इंग्रजी अमलात रेल्वे स्टेशनवर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. 'कपबशी बाजूला ठेव' हे वाक्य अब्बांच्या पिढीने कुणाकुणाच्या ओसरीवर ऐकलंय, आणि अजूनही ते पूर्ण संपलेलं नाही. या दुःखावर आम्ही बोलतो, लिहितो, ते बरोबरच. पण आमच्याकडची कपबशी?

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावात टेनिस बॉलची स्पर्धा झाली. बक्षीस द्यायला गुरुजी म्हणून मला बोलावलं होतं. आमच्या मोहल्ल्याच्या पोरांचा संघ: बागवान, मुजावर, अत्तार, शिकलगार, सगळी ओळखीची आडनावं. बॉलर मात्र गावाच्या कडेच्या वस्तीतला, ज्याच्या घरात तीन पिढ्या सफाईचं काम आहे. तोही मुसलमानच, जुम्म्याला आमच्याच सफेत उभा राहणारा. शेवटच्या ओव्हरला आठ धावा हव्या असताना त्याने पायात घुसणारे असे चेंडू टाकले की समोरच्याला बॅट खाली आणायलाच वेळ मिळाला नाही. संघ जिंकला. रात्री एका घरी बिर्याणी. सगळे आत दस्तरखानावर. हा पोरगा बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसलेला, आणि त्याचं ताट बाहेर आणून दिलेलं. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. उलट, "अजून घे रे, आजचा हिरो तू," म्हणत दोनदा वाढलं. मी माझं ताट उचलून बाहेर त्याच्याजवळ गेलो, तर तोच अवघडला. "सर, तुमी आत बसा की, हितं डास हाईत," म्हणाला. कर्णधार कोण म्हणून विचारलं, तर ज्याचा टेम्पो आहे तो.

नमाजाच्या सफेत खांद्याला खांदा लावायचा, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की बिरादरी विचारायची. जेवणाच्या वेळी डोळ्यांनीच ठरतं कोण आत, कोण बाहेर. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली तेव्हा आपल्यातल्याच बड्या लोकांनी 'इस्लाममध्ये जात कुठे असते' म्हणून ती उडवून लावली होती. किताबात नसते, हे खरं. बाहेर मोटारसायकलवर असते.

बाळूंचं पुढचं आयुष्य त्यांच्या चाहत्यांना जरा अडचणीचं वाटतं, म्हणून बरेच लेख १९२० ला थांबतात. मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. १९३२ च्या जूनमध्ये हिंदुस्थान लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. महंमद निसारने गोऱ्यांच्या दांड्या उडवल्या. बाळू तेव्हा छप्पन्न वर्षांचे, त्यांच्या वाट्याला कसोटी आलीच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात येरवड्याला गांधीजींचं उपोषण आणि पुणे करार. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत हा आंबेडकरांचा आग्रह, आणि बाळू होते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूला, गांधीजींच्या जवळ. १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेही बाळूंना पटलं नाही.

याला भाबडेपणा म्हणणारे आहेत. मी तसं म्हणायला धजावत नाही. ज्या माणसाने एकेक दार आतून उघडताना पाहिलं, आधी संघाचं, मग पंगतीचं, मग भावाच्या रूपाने कर्णधारपदाचं, त्याला वाटत राहणार की उरलेलीही उघडतील, फक्त टाकत राहायचं. आंबेडकरांनी तीच दारं पाहिली आणि प्रत्येकाला किती वर्षं लागली ते मोजलं. दोघांचा हिशेब आपापल्या जागी खरा होता. आमच्यातही हे दोन स्वभाव घराघरांत आहेत. एक भाऊ म्हणतो, काम चोख करा, आपोआप मानतील. दुसरा म्हणतो, मान मागितल्याशिवाय मिळत नाही. ईदला दोघे एकाच ताटात शिरखुर्मा खातात आणि तिथेच भांडतात.

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेची निवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांसमोर काँग्रेसने उभे केले बाळू पालवणकर. एकेकाळी ज्याने मानपत्र लिहिलं तो एका बाजूला, ज्याच्यासाठी लिहिलं तो दुसऱ्या बाजूला. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजारांचं. इतिहासाने आंबेडकरांच्या बाजूने कौल दिला आणि तो योग्यच होता. पण मी त्या अकरा हजारांचा विचार करतो. त्यात काही काँग्रेसचे असतील. काही गिरण्यांमधले, रेल्वेतले साधे लोक असतील, ज्यांनी तरुणपणी मैदानाच्या कडेला दोरीबाहेर उभं राहून पाहिलं होतं की आपल्यातला एक माणूस चार पावलं चालत येतो, हात फिरवतो, आणि समोरचा साहेब मान खाली घालून परत जातो.

त्यांची नोंद अशी आहे: प्रथम दर्जाचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. बॅटने ७५३ धावा, तेही बॅट उशिरा हातात आलेल्याच्या मानाने वाईट नाही. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती त्यानंतर पंधरा महिन्यांनी.